हुळा, आळी

वडगावात आमची गल्ली मागांच्या खटाखटीनं जागी होते.
मी फोडणी तापत ठेवून मागच्या दारी जाते,
रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेल्या कढीलिंबाकडे.
आज पान नाही.
परवाच शिवलीलाला मूठभर दिली होती.
आता नुसत्या शिरा,
मासा खाऊन झाल्यावर ताटात उरतात तशा.

शोधली.
आधी वाटलं, पाखराची शीट.
फुंकर मारली तर शीट चालायला लागली.

भिंतीपलीकडून आवाज : "हुळा बंतेनरी?"
मी म्हटलं, "हौद्री. सगळं खाऊलालंय."
ती बैलहोंगलची. बावीस वर्षं
एकाच भिंतीवर आम्ही दोघी गोधड्या वाळत घालतो.
तिचं मराठी माझ्या कन्नडइतकंच लंगडं,
पण किड्यांची नावं दोन्हीकडची पाठ :
मुंगी इरवी, झुरळ जिरळी.
झुरळाला तसं नाव लागत नाही,
चप्पल पुरते.

रेणू दुसरीत असताना
शेवग्यावरून तिच्या मानेवर केसाळ सुरवंट पडला.
शिवलीला घोंगडी घेऊन धावत आली.
कंबळी हुळा, म्हणाली, कांबळं पांघरलेला,
त्याचं कूस कांबळ्यानंच निघतं.
घासून घासून पोरीची मान लाल केली.
कूस निघालं का?
खोबरेल लावल्यावर निघालं.
रेणू अजून सांगते, सुरवंटापेक्षा घोंगडीच जास्त चावली.

वाळवीचं वेगळं.
ती बोलत नाही, वाचते.
ट्रंकेत माझा मराठी शाळेचा दाखला होता,
त्याच्याखाली घराचा कन्नड उतारा,
घरपट्टीच्या पावत्या, लग्नाची एक पत्रिका.
ह्यांनी सगळं अंगणात उन्हात मांडलं.
दाखल्यात माझं नाव होतं तिथं मातीची रेघ,
उताऱ्यात ह्यांचं नाव होतं तिथंही
तीच रेघ, पुढं चालू.

आळी मात्र हिरवी झाली, बोटाएवढी.
डिवचली की डोक्यातून दोन नारिंगी शिंगं काढायची
आणि वास, कुजक्या लिंबाचा.
मी रोज डिवचायची.
पंधरवड्यानं नाहीशी झाली.
बरं वाटलं.
दुपारी डब्यात पाणी घालताना उगीच दोनदा वाकून बघितलं.

मग हे ओरडले, स्कूटरच्या आरशामागं काय चिकटलंय बघ,
आणि फडकं घेऊन आले.
कोष. मागं रेलून बसल्यासारखा,
कमरेभोवती एकच धागा.

हे मागवाले. धागा दिसला की थांबतात.
चष्मा कपाळावर घेतला, नाक आरशाला टेकलं.
"कुठला काउंट असंल गे हा?"
मला काय माहीत.
फडकं खांद्यावर टाकलं
आणि सूत आणायला शहापूरला चालत गेले.

नऊ दिवस चालले.
कोपऱ्यावरचा इराप्पा विचारायचा,
"काय भरमाण्णा, गाडी बिघडली?"
"इंजिनचं काम निघालंय," हे सांगायचे
आणि मान खाली घालून पुढं.
माझ्याशी सुद्धा त्यावर बोलले नाहीत.
फक्त रात्री एकदा उठून
गाडीवर पोतं टाकून आले. पाऊस नव्हता.

दहाव्या दिवशी टरफल होतं, आत कोणी नव्हतं.
आम्ही कुणी बघितलं नाही.
शिवलीला म्हणते, तिनं बघितलं,
पातरगित्ती, काळी-पिवळी,
भिंतीवर बसून पंख वाळवूलालती
माझ्याच गोधडीवर.
खोटं असंल. असू दे.

टरफल ह्यांनी पुसलं नाही.
गाडी सुरू झाली की ते आरशामागं थरथरतं.

फोडणीला आता मीच भिंतीवरून हात पुढं करते.
आज तिनं दिलेल्या डहाळीत
एका पानाच्या पाठीवर पिवळट टिपका होता,
ज्वारीच्या कणीपेक्षा लहान.
डाळ करपायला लागली होती.
ते एक पान मी परत दिलं.